एकशे बारा शब्द

हेल्मंडच्या शाळेत, सायकलींच्या खोलीला लागून,
दर गुरुवारी मी एक भाषा शिकवली.
मीच रचलेली. दोन हिवाळे गेले तिच्यात.
यंत्राच्या कानाला चकवणारे सगळे आवाज
चाळून काढले,
आमचा डच, घशात खरखरणारा ग
सर्वांत आधी गेला.
उरले एकशे बारा शब्द.
लिंग नाही, वचन नाही,
क्रियापद कुणापुढेही वाकत नाही.

"अपवाद किती?" योरिटनं विचारलं.
(जर्मनमध्ये तो दोनदा नापास.)
एकही नाही, मी म्हटलं,
आणि मान जरा ताठ केली.

पिमो, चाल. तोकू, थांब.
बोजे, बॅटरी संपली.
तिसऱ्या आठवड्यात इल्कनूर,
आठ महिन्यांपूर्वी गाझिआन्तेपहून आलेली,
डचच्या तासाला ओठ शिवून बसणारी,
सलग अकरा वाक्यं बोलली.
चार चाकांचं ते बुटकं यंत्र
तिचं ऐकून टेबलाखालून फिरून आलं.
कुणी तिचा उच्चार सुधारला नाही.
कोण सुधारणार?
या भाषेत कुणाचाच जन्म झालेला नव्हता.

मी वहीत लिहिलं: शिकायला अत्यंत सोपी.

एप्रिलमध्ये ती मैदानात गेली.
तोकूचं तोक झालं, तोकचं तक.
पिमो-पिमो म्हणजे चला, सटकू या,
आणि तेच नाक मुरडून म्हटलं
तर: मेलो तरी येणार नाही.
"माफ कर"साठी मी शब्द ठेवलाच नव्हता,
यंत्राला कशाला हवा?
मुलांनी बोजे घेतला.
दप्तर खाली टाकून, हळू आवाजात: बोजे.
कधी त्याचा अर्थ दमलो, कधी चुकलो,
कधी नुसतं, बस ना जरा इथं.

यंत्र मात्र दिवा लाल करून
पुन्हा पुन्हा विचारत राहिलं.
शंभरातल्या अडतीस आज्ञा वाया.

शेवटच्या गुरुवारी ते थेट माझ्याकडे येत होतं.
मी ओरडले, "तक!"
माझ्याच तोंडून. ऊ गिळून.
ते थांबलं नाही,
नडगीवर असं आदळलं
की मी खालीच बसले.
मुलं हसली, मग गप्प झाली.
इल्कनूर जवळ येऊन वाकली.
"बोजे, बाई."

एवढं मात्र यंत्राला नीट ऐकू आलं.
ते वळलं,
आणि भिंतीतल्या प्लगकडे
मुकाट्यानं निघून गेलं.