विहीर क्रमांक चार

वेंगुर्ले स्टँडच्या मागे माझं दुकान:
झेरॉक्स, लॅमिनेशन, मराठी टायपिंग. पानाला पंधरा रुपये.
लग्नपत्रिका, वारस नोंदीचे अर्ज, दशावताराच्या जाहिराती,
आणि दर नोव्हेंबरात विज्ञान प्रदर्शनाचे शोधनिबंध,
ज्यांचा शेवट मला पाठ आहे:
'यावरून असे सिद्ध होते की.'

ग्रीष्मा कुबल, नववी ब.
वहीच्या पहिल्या पानावर तीन प्रश्न, दोन खोडलेले.
समुद्र खारट का आहे?
विहिरी खाऱ्या का होतात?
समासात गिरप सरांची लाल शाई:
'लहान प्रश्न विचार. चालत जाता येईल एवढा.'
मग तिसरा, न खोडलेला:
उभादांड्यातल्या सात विहिरी,
भरतीच्या रेषेपासूनचं त्यांचं अंतर,
आणि लिटरमागे मीठ किती.

अंतर मोजलं बापाच्या जाळ्याच्या दोरीने,
दर दहा वावांवर गाठ मारून.
पाणी आटवलं आधी चुलीवर, मग परातीत, उन्हात.
तळाशी उरलं ते जुन्या पत्त्याने, चौकटच्या सत्तीने खरवडून
पुडीत बांधून नेलं पेठेतल्या सोनाराकडे.
तो फेब्रुवारीत हसला.
मे महिन्यात स्वतःच विचारू लागला, अमावास्या कधी गो?

सात विहिरी, चार अमावास्या,
तक्त्यात अठ्ठावीस चौकोन.
एकात आकडा नाही. तिथे लिहिलंय:
'परातीत वासराने तोंड घातले.'

मी म्हटलं, बाय, हे बरं दिसत नाही.
अलीकडचा नि पलीकडचा मिळवून दोनाने भागतो,
कुणाला कळतंय?
"नको हां काका. ता तसाच ऱ्हांवदे.
वासरान खाल्ला ता वासराचा."

पान पाच. निरीक्षणे.
विहीर दोन, नव्वद मीटरवर: शून्य पूर्णांक चौऱ्याऐंशी ग्रॅम.
विहीर चार, दोनशे दहा मीटरवर: एक पूर्णांक ब्याण्णव.
लांबची जास्त खारी.
खाली, कुणी न सांगता: 'माझा अंदाज चुकला.'
या कीबोर्डवरून एवढं सरळ वाक्य
अठरा वर्षांत गेलं नव्हतं.

विहिरींना नावं नव्हती, नुसते क्रमांक.
पण चारच्या वर्णनात होतं:
'कठड्याला निळा रंग. दोन हॉर्सपॉवरचा पंप.
मागे पर्यटकांसाठी पाच खोल्या.'

निळा रंग मी गेल्या दिवाळीत दिला.
खोल्या भावाच्या आणि माझ्या, कर्ज एकट्या माझ्या नावावर.
बायको दोन वर्षं सांगतेय, डाळ शिजत नाही, चहा फाटतो.
मी म्हणायचो, दूधवाला बदल.

पुढचं वाक्य:
'उपसा जास्त, हे कारण असू शकते. खात्री नाही.
पंप आठ दिवस बंद ठेवून पुन्हा मोजायला हवे.'

खरं सांगतो, ते गाळता आलं असतं.
आठ पानांची मर्यादा, मजकूर नवव्यावर सांडत होता.
ती स्टुलावर, पाय हलवत,
पडद्यावरचं अक्षर न् अक्षर बघत.
"थांबलात कित्या काका?"
मी अक्षराचा आकार एकाने कमी केला.
मावलं.

शेवटी बोटं सवयीने गेली: यावरून असे सिद्ध
तिने काचेवर बोट ठेवलं.
'असे दिसते' करा.

आभारात सोनार, सर, वासराची मालकीण,
'आणि सातही विहिरींचे मालक, ज्यांनी पाणी काढू दिले.'
मी कधी हो म्हटल्याचं आठवत नाही.
बायको म्हणाली असेल.

तीन प्रती काढल्या. दोन तिने नेल्या.

रात्री पंपाच्या बटणापाशी उभा होतो.
शनिवारचं बुकिंग, चार खोल्या, पुण्याची माणसं, आंघोळीला भरपूर पाणी लागणारी.
आठ दिवस, एवढंच तिने लिहिलं होतं.
कुठले आठ, ते नाही.