पाऊणपट

बेलापूरच्या सहाव्या मजल्यावर
माझ्या पडद्यावर जो तलाव आहे
तो आत्ताचा नाही.
वाशीच्या धारण तलावातलं पाणी
मोजकाठीवरून निघतं, खांबावरच्या डब्यात शिरतं,
दोन टॉवर ओलांडतं,
माझ्याकडे येईस्तोवर शिळं होतं.
एरवी अर्ध्या सेकंदाचं शिळं. चालतं.
चहासुद्धा त्याहून शिळा पिते मी.

पण कोजागरीला उधाण होतं,
गच्च्यांवर दूध आटत होतं
आणि अख्खं शहर एकमेकांना चंद्र पाठवत होतं.
त्या गर्दीत माझी एक ओळ,
'दार दहा टक्के खाली',
साडेनऊ सेकंद ताटकळली.

प्रोग्राम म्हणाला, खाली.
पडद्यावर दार जिथल्या तिथे.
म्हणाला, आणखी खाली.
आणखी.
मग सगळ्या आज्ञा एकदम पोचल्या
आणि दार आपटलं.
नाल्याचं पाणी तुंबलं, ते मला उशिरा कळलं,
म्हणाला, वर. वर. वर.
खाडी आत आली.
असं चार वेळा. मोटरीला जळका वास,
हे मला पोशा मढवींनी फोनवर सांगितलं,
वास अजून तारेतून येत नाही.

"थांब गो बाय," ते म्हणाले,
"एकदा सांगलंस ना? आता गप ऱ्हा.
दार बहिरां नाय. लांब हाय."

नोव्हेंबरभर मी एक खोटा तलाव लिहिला.
त्याला माझं बोलणं लगेच ऐकू जातं,
त्याचं दार लगेच हलतं,
मी त्याच्याकडे बघून पुढचं ठरवते.
खऱ्याची बातमी आली की
तिच्यावरचा वेळेचा शिक्का वाचायचा,
खोट्याला विचारायचं, त्या क्षणी तू काय म्हणत होतास?
फरक निघेल तेवढाच राग धरायचा.
बाकीचं मागून झालंय. वाटेत आहे.

पोशाकाकांना हे समजावायला गेले
तिवरांपाशी, चिखलात निवट्या उड्या मारत होत्या.
त्यांनी मान हलवली. आजोबा त्यांचे
मिठागराची उघाडी सांभाळायचे, घड्याळाशिवाय:
तिथीची पाऊणपट.
चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा,
आणि समुद्रापासून इथवर यायला
खाडीला लागतो तो वेळ वेगळा.
"तो किती?"
"दोन विड्या. उधाणाला दीड."
मी ते लिहून घेतलं. दीड. का दीड, कोण जाणे,
आकडे जुळतात.

यंदाच्या कोजागरीला पुन्हा चंद्रांची गर्दी.
उशीर अकरा सेकंदांवर गेला.
प्रोग्रामने एकदाच सांगितलं.
मी हात मांडीखाली दाबून बसले,
फोन कानाशी, पलीकडे पोशाकाका काही बोलत नव्हते.
पडद्यावर दार उघडंच होतं.
फोनमधून लोखंड दगडावर टेकल्याचा आवाज आला,
हळू,
आणि मग त्यांनी डास मारल्याचा.