वेल्मार

रविवारी सकाळी साडेदहाला
पाचपाखाडीत टिपणिसांच्या हॉलमध्ये
पडदे ओढून घेतात, पंखा बंद करतात,
फ्रिजचीसुद्धा पिन काढतात.
दूध नासलं तर नासो, घरघर नको.
मग चार वाल्व्ह हळूहळू तांबूस होतात
आणि सहा पुरुष, पन्नाशीपुढचे,
देवळात बसावं तसे मांडी घालून बसतात.
मी सातवा. दाराजवळ.
माझ्या पिशवीत सोल्डर, मीटर आणि डबा.

वेल्मार.
नाव घेताना त्यांचा आवाज आपोआप खाली येतो.
रिबेलो म्हणतात, डिझाइन डेन्मार्कचं.
कोपरीचे सबनीस म्हणतात, छे, व्हिएन्ना,
त्यांच्या मेव्हण्याने तिथे कारखान्याची पाटी पाहिली आहे.
गेल्या महिन्यात एक जोडी सव्वासहा लाखांना गेली,
घेणाऱ्याने ऐकूनही पाहिली नाही.
चारशेच्या आतला नंबर मिळाला तर सोडू नका म्हणतात,
ती गोडी पुढच्या मालात नाही.
पुढच्यात सगळं ऐकू येतं.
आतल्यात
गाणारा समोर येऊन बसतो.

वेलणकर आणि मराठे.
वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा, पत्र्याचा गाळा,
शेजारी बिस्किटांच्या पुड्यांची छपाई.
धंद्याच्या नावात 'मर' नको, असं वेलणकरांची आई म्हणाली
म्हणून 'मार'.
एवढाच काय तो डेन्मार्क.
मी तेव्हा सतरा वर्षांचा,
चहा आणायचा, राहिलेल्या वेळात डाग द्यायचे.
पुढे दोघे भांडले, एका टेम्पोच्या भाड्यावरून,
आणि गाळ्यात प्लास्टिकच्या बादल्या होऊ लागल्या.

ट्रान्सफॉर्मर गुंडाळायची कुंदा तरे, बाळकुमची.
मशीनचा काउंटर पहिल्याच वर्षी मेला,
नवा पुढच्या महिन्यात येणार होता
तीन वर्षं.
ती तोंडाने मोजायची, उजव्या हाताने हँडल फिरवत.
शंभर झाले की एक चिंचोका
या वाटीतून त्या वाटीत.
मध्येच कुणी काही विचारलं
तर हात थांबायचा नाही,
आकडाच फक्त मोठ्याने यायचा,
म्हणजे आपण गप्प.
एकदा मराठ्यांनी एक नग उलगडून मोजला.
अकरा वेढे जास्त.
ती पदराला हात पुसत उभी.
मराठ्यांनी तसाच दुसरा लावला, ऐकला,
बराच वेळ ऐकला,
म्हणाले, राहू दे.

अकरा वेढ्यांनी काय होतं?
काही होत नाही, माझा मीटर सांगतो.
चारशेनंतर नवं मशीन आलं, हेही खरं.
कुंदाने आपला नग वाजताना कधी ऐकला की नाही, ठाऊक नाही.
टेस्टिंग सातनंतर व्हायचं,
तिची बस साडेपाचची.

हे सगळं मी सांगू शकतो.
सांगितलं तर किंमत उतरेल की चढेल
याचाच अंदाज येत नाही.
आणि खरं सांगायचं तर
तानपुऱ्याची जवार सुरू झाली की
माझ्याही मानेवर काटा येतो,
मी, ज्याने ही पेटी अकरा वेळा उघडली आहे.

तबकडी उलटताना हॉलमध्ये
बारीक गुणगुण राहते.
याला ते वेल्मारचा श्वास म्हणतात.
पत्र्यांच्या थप्पीचा एक बोल्ट सैल आहे, बाकी काही नाही.
आज मी पाना काढला,
टिपणिसांनी माझा हात धरला.
राहू दे, म्हणाले,
अगदी त्याच सुरात.

मी पाना पिशवीत टाकला.
दोनशे रुपये घेतले, यायचे-जायचे,
आणि निघताना
फ्रिजची पिन तेवढी लावून दिली.