मात्रा

शेर्कोला म्हणायचं होतं, उद्या भेटतो तुला.
तो म्हणाला, उद्या मारून टाकतो.
आमच्या फिनिशमध्ये फरक एवढाच:
तपान म्हणजे भेटतो,
तपन म्हणजे ठार करतो.
इल्माच्या आईने मुख्याध्यापकांना पत्र लिहिलं,
मुख्याध्यापकांनी मला.
सोबत कानांचा अहवाल:
ऐकू येतं. सगळं येतं.
लांबी तेवढी ऐकू येत नाही.

काजानीच्या ग्रंथालयात, मागच्या खोलीत,
फाटके नकाशे आणि पाय मोडलेल्या खुर्च्या
जिथे ठेवून देतात,
तिथे माझे तास. एका वेळी एकच जण.

सोमवारी आल्पो. चाळीस वर्षं बस चालवली त्याने.
मेंदूत रक्ताची गाठ झाली
आणि शब्द मधल्याच थांब्यांवर उतरून गेले,
शिव्या तेवढ्या बसून राहिल्या शेवटपर्यंत.
आम्ही शिव्यांपासूनच सुरुवात केली.
बुधवारी वेन्ला, आठ वर्षांची,
तिची अक्षरं कागदावर ठरत नाहीत.
टेबलाखाली बसली की ठरतात.
का, ते तिलाही माहीत नाही.
म्हणून मीही टेबलाखाली, गुडघ्यांना समजावत.

शुक्रवारी शेर्को.
पहिले चार शुक्रवार तो बोललाच नाही.
पाचव्याला म्हणाला, तोंड उघडलं की खून होतो.

मी रबर ताणून दाखवलं.
टाळ्या वाजवल्या. वाटाणे मांडले,
ऱ्हस्वाला एक, दीर्घाला दोन.
त्याने वाटाणे खाल्ले.
तुलि म्हणजे आग, मी म्हटलं,
तूलि म्हणजे वारा,
तुल्लि म्हणजे जकातनाका.
सारखेच आहेत, तो म्हणाला,
आम्ही आलो त्या रात्री
सीमेवर तिन्ही एकत्रच होते.

पंचवीस वर्षांच्या नोकरीतली
कुठलीच मात्रा लागू पडेना.

फेब्रुवारीत ग्रंथालयाचं बॉयलर बंद पडलं.
खोलीत शाई गोठायची वेळ आली,
तेव्हा माझी घसरगाडी काढली,
पायाने रेटायची, बाजाराला जाताना नेते ती,
आणि गोठलेल्या तळ्यावर गेलो.
मी पुढच्या बैठकीवर, मांडीत दप्तर, नाकाला गळती.
तो मागे उभा, एक पाय पट्टीवर, एक बर्फावर.
त्याने रेटलं आणि लगेच थांबवलं.
पुन्हा रेटलं, थांबवलं.
मग रेटलं आणि सोडून दिलं.
गाडी गेली, जात राहिली,
वारा तोंडावर आला
आणि माझ्या टोपीमागून आवाज आला: तूलि.
पूर्ण. दीर्घ. जेवढं तळं तेवढा.

मी मागे वळून पाहिलं नाही.
दचकलेलं वासरू असतं, हललं की पळतं.
थोड्या वेळाने त्याने टाच रोवली,
क्षणभर सगळं अडलं, माझे दातही,
मग गाडी सुटली.
तुल्लि, तो म्हणाला. जकातनाका.
मला हे कुणी शिकवलं नव्हतं.
जोडाक्षर म्हणजे बर्फात रोवलेली टाच.

परवा वर्गात चाचणी झाली.
वीसपैकी अकरा.
बाईंची चिठ्ठी आली: लिहिताना
बाकाखाली पाय घासत बसतो, इतरांना त्रास होतो.
मी उलट टपाली कळवलं, घासू द्या.
जमलं तर खाली सतरंजीचा तुकडा टाका.

इल्मा अजून त्याच्याशी बोलत नाही.
त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

काल जाताना तो दारात थांबला,
उंबऱ्यावर बूट लांबवर ओढला
आणि म्हणाला, शुक्रवारी तपान.
थोडा जास्तच लांब. चालेल.
जिवंत ठेवल्याबद्दल आभारी आहे, मी म्हटलं.
तो हसला की नाही, दिसलं नाही,
तीन वाजता इथे अंधार पडतो.

मंगळवारी नवीन मुलगी येतेय.
तिला थंडी सोसत नाही
आणि ती कुणाला हात लावू देत नाही, असं फाइलीत आहे.
घसरगाडी तिच्या कामाची नाही.
वाटाणे आणून ठेवलेत.