काज

लीड्समध्ये आमच्या गल्लीत तेव्हा
प्रत्येक घरात एक तरी सुई होती
आणि तीन घरं सोडून एक ग्लोव्ह्जचा जोड.
आमच्याकडे दोन्ही.

मी काजं करायची.
दिवसाला दोनशे, कधी सव्वादोनशे,
तिसऱ्या मजल्यावर, खिडकीपासून दुसऱ्या बाकावर.
लायझर, माझा धाकटा, खालच्या मजल्यावर इस्त्री मारायचा
आणि शनिवारी रात्री, शब्बाथ उतरला की,
ठोसे.

पोस्टरवर त्याचं नाव लेन हार्डी.
मॅनेजर म्हणालेला,
लायझर क्रोटोशिन्स्की छापायला शाई कोण देणार?
आईने ते पोस्टर उलटं अंथरलं
आणि त्यावर शेवया कापल्या.

त्या मार्चमध्ये फोरमनने काळे तागे आणले.
सहा डझन शर्ट, घाईचं काम.
कुणाचे, ते कुणी विचारलं नाही.
मीही नाही.
भाडं थकलं होतं,
आणि काळ्यावर काळा दोरा डोळे फोडतो म्हणून
डझनामागे एक पेनी जास्त होती.

सप्टेंबरात ते शर्ट रस्त्याने चालत आले.
आत माणसं होती.

रविवारी दारूभट्टीमागच्या हॉलमध्ये त्यांची सभा.
व्यायामशाळेतली सहा पोरं निघाली.
लायझरच्या बोटांना मी अस्तराच्या पट्ट्या गुंडाळल्या,
आई दारात उभी, ग्लोव्ह्ज घेऊन.
तो म्हणाला, राहू दे, आज पंच नाहीत.

पुढचं हेशलने सांगितलेलं.
दारावरचा जाडसा माणूस लायझरला बघून हसला,
अगदी मनापासून.
अरे हार्डी! परवा चार शिलिंग जिंकलो तुझ्यावर!
तू इकडे कुठे?
घरी जा पोरा, हे तुझं भांडण नव्हे.

लायझर थांबला.
रिंगमध्ये तो कधी थांबत नसे.
मग त्याने नाव सांगितलं. पोस्टरवरचं नाही,
सिनेगॉगमध्ये तोरापाशी बोलावतात ते,
बापाच्या नावासकट:
लायझर बेन एफ्राइम.
सावकाश, पैसे मोजून द्यावेत तसं.

आणि डावा हात.

हाड मोडलं ते त्या माणसाच्या दातांवर
की दाराच्या कडीवर,
यावर तो आणि हेशल पुढे चाळीस वर्षं भांडले.
त्या हाताने पुन्हा मॅच झाली नाही, एवढं खरं.

रात्री उजवी मूठ उघडेना.
मोरीपाशी बसवून मी एकेक बोट सोडवलं,
कोमट पाणी ओतत.
आत काळ्या कापडाची चिंधी,
छातीवरून ओरबाडलेली.
चिंधीत एक काज.

दिव्याशी नेलं.
शेवटचा टाका मी आडवा घेते, दोनदा.
आईची सवय, माझ्या हातात उतरलेली.
कापड चहूबाजूंनी फाटलं होतं.
काज शाबूत.

काय बघतेस गं, लायझरने विचारलं.
काही नाही, म्हटलं. हात वर धर.

सोमवारी फोरमनने पुन्हा काळा तागा टाकला.
मी ओरडले नाही,
बाकावरून उठलेसुद्धा नाही.
सुईत दोरा ओवला
आणि प्रत्येक काज
अर्धा सूत बारीक घेतलं.

सहा डझन.
टाका सुबक, कडा साफ,
फोरमन खूश.
बटण मात्र एकही जाणार नाही.