तोंड जिन्याकडे

एर्झुरुमला पहिल्यांदा गेलो तेव्हा
माझ्या डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं.
हे आधीच सांगून टाकतो,
कारण त्या घरात अजूनही माझी गोष्ट तिथूनच सुरू होते.

बाहेर उणे एकवीस.
चौथ्या मजल्याच्या दारात गुल्तेन वाकून
बुटांच्या नाड्या सोडत होती,
आणि मी, तेरुएलचा आन्सेल्मो,
सरळ गालिच्यावर दोन पावलं टाकून उभा,
हातात बदामाच्या वड्यांचा डबा,
चेहऱ्यावर नव्या जावयाचं हसू.
कुणी काही बोललं नाही.
सासूबाईंनी फक्त माझ्या पायांकडे पाहिलं,
दुधात पडलेल्या माशीकडे पाहावं तसं.

आमच्याकडे सगळं उलटं.
आई ओरडायची, अनवाणी फिरू नकोस,
फरशीतून थंडी चढते, छातीत बसते,
माणसं मरतात अशानं.
आमच्या घरात अनवाणी दोघंच:
क्रुसावरचा येशू, आणि तापाने फणफणलेला मी.

काढले मग बूट.
भोकातून अंगठा बाहेर आला, लालबुंद,
माझ्याआधी सगळ्यांना भेटायला.
सासऱ्यांनी, रिफ्की बाबांनी,
स्वतःच्या पायातल्या सपाता माझ्याकडे सरकवल्या
आणि साखरेचा खडा दातांत धरून
चहा पीत राहिले, काही झालंच नाही असे.

रात्री पाणी प्यायला उठलो
तर दार उघडं, आणि ते बाहेर उकिडवे बसलेले.
माझे बूट फडक्याने पुसून
तोंड जिन्याकडे करून ठेवत होते.
मी गुल्तेनला हलवून उठवलं:
तुझे वडील मला चालता हो म्हणतायत.
ती झोपेतच हसली.
अरे वेड्या, निघताना तुला
घराकडे पाठ करून वळत बसावं लागू नये, म्हणून.

अकरा हिवाळे ते माझे बूट फिरवत राहिले.
मला त्यांची भाषा आली नाही, त्यांना माझी.
चहा, साखर, बर्फ, बूट,
एवढ्यात आमचं भागायचं.

मग फेब्रुवारीत फोन.

पोचलो तेव्हा जिनाभर जोडेच जोडे,
तिसऱ्या मजल्यापर्यंत उतरलेले,
रबरी, कातडी, बर्फाचं पाणी सोडणारे,
एक कुणा पोराचा, निळा.
आणि दाराशी, सगळ्यांपासून जरा बाजूला,
त्यांचा तपकिरी.
टाचा एका अंगाने झिजलेल्या,
उजव्याची नाडी तुटलेल्या जागी गाठ.
ज्याला गरज असेल तो नेईल,
मेहुणा म्हणाला, म्हणून ठेवायचा असतो.

आत कुराण वाचत होते.
मला त्यातलं काही कळत नव्हतं
आणि कुणाजवळ बसून रडायचं, तेही नाही.
जिन्यात बसलो.
एकेक जोडा उचलून फिरवत गेलो.
अदलाबदल झालीच असेल,
एक काकू म्हणे दोन्ही डावे घालून घरी पोचल्या.
सगळ्यांची तोंडं जिन्याकडे.
त्यांच्यापाशी आलो आणि अडलो.
याचं तोंड कुठे करायचं?
घराकडे केलं.
मग जिन्याकडे.
मग बराच वेळ तो माझ्या मांडीवरच होता,
झोपलेल्या मांजरासारखा.
शेवटी तिरका ठेवला, भिंतीकडे पाहणारा.

सकाळी तिथे नुसते दोन ओले डाग.

गेल्या महिन्यात आई गावाहून आली आमच्याकडे.
ब्याऐंशीची. गुडघे वाकत नाहीत.
गुल्तेन म्हणाली, असू द्या, तशाच या आत.
आई टाचा वाजवत सगळ्या खोल्या फिरली,
मुलांच्या उघड्या पायांना नावं ठेवली,
सूप प्यायली, आणि निघाली.
दारात पुन्हा वीस मिनिटं उभी,
पाय निघेना तिचा.
मी सवयीने खाली बसलो.
काय हरवलं रे? तिने विचारलं.
फिरवायला काहीच नव्हतं.
तिची नाडी घट्ट होती.
सोडली, आणि पुन्हा बांधली.