घट

कॅम्पातल्या दुकानदाराने गिटार उलटीसुलटी केली,
म्हणाला, नवीनच घ्या की बाई,
हिच्या पट्ट्या बदलण्यात अर्थ नाही.
बेंगळुरूच्या माणसाने फोनवर नऊ हजार सांगितले,
कुरिअर वेगळं, वाटेत मोडली तर तुमची.
नऊ हजारांसाठी मी दोन महिने
पोरांना सी आणि जी शिकवते.
एफ मला स्वतःलाच अजून धड लागत नाही.

शेवटी शहापूर, कोरे गल्ली.
अणवेकरांच्या दुकानात आता फक्त
कान टोचणं, तुटक्या साखळ्या,
पैंजणांची गळलेली घुंगरं.
बाकीचं सोनं मशीनवर घडून येतं, प्लास्टिकच्या डबीत.
गिटार त्यांनी कधी हातात धरली नव्हती.
"बार्देस्करांची गं तू?" एवढं विचारलं,
चष्मा कपाळावर, भिंग डोळ्याला,
दुसऱ्या पट्टीवरून नख फिरवलं आणि थांबले.
"होतंय की. खरं वेळ जातंय.
तार तू आण. ही जर्मन सिल्वर,
आमच्यात हीच चांदी म्हणून खपवणारे होते."

तार मुंबईहून आली. चारशे ऐंशी रुपये,
वेटोळं घातलेली, पोटाला बारीक दाते.

एकेक जुनी पट्टी त्यांनी तापवली,
तळव्यातला काटा काढावा तशी वर घेतली.
चौथ्या घरात लाकडाचा टवका उडाला.
ते काही बोलले नाहीत. मीही.
जमिनीवर शोधून, थुंकी लावलेल्या बोटाने उचलून
फेविक्विकच्या थेंबात तो परत बसवला.

वडगावच्या बाजूने मागांची खटखट येत होती,
हातोडी तिच्या मधल्या जागेत पडायची.
वीज गेली, माग थांबले,
तेव्हा हातोडीही जरा चुकली.

दारातून कुणीतरी कन्नडमध्ये विचारलं, नथ कधी.
"नाळे बा," मान वर न करता.
मलाही दोन आठवडे
हेच सांगत होते, मराठीत.

काम झालं. कडा कानशीने इतक्या मऊ
की तळहात फिरवला तरी कळू नये.
जुन्या वीस पट्ट्या त्यांनी
काचेच्या पेटीतल्या तराजूपाशी ओढल्या.
सवयच ती, जुनं आलं की तोलायचं.
दुसरी आणि सोळावी सारख्या लांबीची कापली,
दोन पारड्यांत टाकली.
दुसरीचं पारडं वर गेलं.
"गुंजभर घट," म्हणाले. "एवढं खाल्लंस तू."

मग सातवी भिंगाखाली धरली.
"तिसऱ्या तारेखालची ही खाच कुणाची?
तू तर पहिल्या तीन घरांतच फिरतेस."

मला माहीत नव्हतं.
वास्कोत एका घराचं सामान विकायला काढलं होतं,
टेबलफॅन, दोन वेताच्या खुर्च्या,
काच तडकलेली तसबीर, आणि ही, तारांशिवाय.
बारा वर्षं झाली. घर कुणाचं ते विचारलं नाही,
भाव तेवढा केला.
सातव्या घरात, एकाच सुरावर
कुणीतरी इतकं थांबलं होतं
की धातूला समजलं.
बोट थरथरवत असेल.
किंवा दुसरं काही येतच नसेल, माझ्यासारखं.

मजुरी बाराशे.
"घट धरलेली नाही," असंही म्हणाले,
मी विचारलं नव्हतं तरी.
आणि सातवी पट्टी गुलाबी कागदात घालून,
कागद चारदा दुमडून
माझ्या हातावर ठेवली,
नथ ठेवावी तशी.

रविवारी मिस्साआधी, माइक लागेपर्यंत,
तिसरी तार सातव्या घरात दाबून पाहिली.
स्वच्छ वाजली. तिथे पुढे काय वाजवतात
ते मला येत नाही.
फादर आले तरी
बोट लगेच उचललं नाही.